थर्मोस्टॅट खोली गार करत नाही: जळगावचा उन्हाळा आणि घरातला बॉल पायथन

सरपटणारे प्राणी पाळायचे व्हिडिओ बघायला घेतले की निम्मे लोक थंड देशातले निघतात, आणि त्यांची सगळी रडारड एकच, ऊब कशी टिकवायची. हीट मॅट कुठली घ्यायची, बल्ब किती वॅटचा, रात्री खोली पंधरा अंशांवर जाते मग काय करायचं. आपण इथं जळगावात बसून ते बघतोय, बाहेर ४४ चालू आहे, पंखा गरम हवा अंगावर फेकतोय, आणि समोरचा माणूस अगदी मनापासून सांगतोय की सापाला गरम ठेवा. अरे बाबा, गरम तर इथं फुकट आहे. गार कोपरा कसा बनवू ते सांग ना.

तर हे सगळं त्याबद्दल. माझ्याकडे बॉल पायथन आहे, म्हणजे अजगराच्या जातीतला साप, नाव वांग्या. अंगावर जांभळट काळा रंग आणि स्वभावानं ढिम्म, त्यामुळे बहिणीनं ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. आफ्रिकेतला प्राणी, घाना, टोगो, बेनिन त्या पट्ट्यातला. उंदरांनी सोडलेल्या बिळात नायतर वाळवीच्या जुन्या वारुळात दिवसभर पडून राहायचं, अंधार पडला की बाहेर यायचं. लोकांना वाटतं आफ्रिका म्हणजे ऊन, म्हणजे याला ऊन चालत असेल. पण तो वर ऊन तापलेलं असताना खाली बिळात असतो, आणि बिळात ना ते ऊन पोचतं ना तो कोरडा वारा. आपल्याला ते बीळ बनवायचंय, आफ्रिका नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण भेटेल तो विचारतो. आपला देशी अजगर, घोरपड, मांडूळ, स्टार कासव, यातलं काहीही घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात पळवाट शोधू नका. मांडुळाच्या नावानं तर आपल्या भागात लोक लाखालाखाच्या गप्पा मारतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. बॉल पायथन विदेशी आहे पण तो सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये येतो, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याची नोंदणी करावी लागते, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर, २०२४ चे नियम आहेत त्याचे. विकणारा म्हणाला की "कागद नंतर देतो", तर साप पण नंतरच घ्या.

आता मुद्द्यावर. सापाला स्वतःच्या शरीराचं तापमान आतून बनवता येत नाही, तो जागा बदलून ते सांभाळतो. गार वाटलं की गरम टोकाला, गरम झालं की गार टोकाला. म्हणून तो राहतो त्या पेटीला दोन टोकं लागतात. गरम टोक ३१ ते ३२, गार टोक २५ ते २७, रात्री २४ च्या खाली नको. पुस्तकी आकडे आहेत आणि बरोबर आहेत. थंड देशातल्या माणसाला गार टोक आपोआप मिळतं, खोलीच २० वर असते, तो फक्त एका बाजूला हीटर लावतो की झालं. आपल्याकडे मार्चपासून उलटं होतं. गरम टोक आपोआप मिळतं आणि गार टोकासाठी पैसे, पाणी, वीज, डोकं सगळं लावावं लागतं.

आणि इथंच लोक फसतात. थर्मोस्टॅट घेतात चांगला दोन-तीन हजाराचा, ३२ वर सेट करतात आणि निवांत होतात. थर्मोस्टॅट काय करतो? ३२ झाले की हीटर बंद करतो. बस. खोलीच ३८ असेल तर तो बिचारा हीटर बंद करून गप बसतो, पेटी ३८ वरच राहते, आणि डिस्प्लेवर सगळं ठीक चाललंय असा लाइट. साप ३५ च्या वर सतत राहिला तर त्याचं काही खरं नाही. तोंड उघडं टाकतो, सारखा फिरतो, काचेला नाक घासतो, पाण्याच्या भांड्यात तासन्तास बसून राहतो. पाण्यात बसलेला साप बघून लोक फोटो काढतात, "बघा पोहतोय". पोहत नाहीये भाऊ, होरपळतोय. किंवा अंगावर पिसवा-गोचिडीसारखे माइट्स झालेत, तेही बघायचं, पण मे महिन्यात पहिला संशय गरमीवरच घ्या.

आता आर्द्रता, म्हणजे हवेतला ओलावा. बॉल पायथनला साधारण ५५ ते ६५ टक्के लागते, कात टाकायच्या वेळी ७० पर्यंत चालते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवेत किती असते? १५ टक्के, कधी त्याहून कमी. ओठ फाटतात, पापड तासाभरात वाळतात, ते उगाच नाही. टक्क्यांची गंमत अशी आहे की ते सापेक्ष असतात, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के आत्ता आहे. २५ अंशांची हवा एका घनमीटरला साधारण २३ ग्रॅम वाफ धरते, ४० अंशांची हवा ५१ ग्रॅमच्या आसपास. दुपटीपेक्षा जास्त. म्हणून पाण्याचा एक थेंबही न काढता नुसती हवा तापवली की टक्के धाडकन खाली येतात. पेटीत बल्ब लावला की ओलावा कमी होतो तो यामुळेच, बल्ब काही पाणी पीत नाही.

आणि हेच उलटं पण चालतं, जे आपल्या कामाचं आहे. ४३ अंश आणि १५ टक्क्यांची बाहेरची हवा घ्या, त्यात पाणी न घालता नुसती २७ वर आणा, ती ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून लोक जे म्हणतात की एसी हवा कोरडी करतो, ते आपल्याकडे मे महिन्यात जेमतेमच खरं आहे. खात्री करायची असेल तर दुपारी एसीचा बाहेरचा पाइप बघा. जुलैत त्यातून बादली भरते, मे महिन्यात जेमतेम ठिबकतं नायतर कोरडाच असतो. काढायला हवेत पाणीच नाहीये. पण ३५ टक्के म्हणजे वांग्याला अजून कमीच, आणि एसीचं बिल वेगळं.

म्हणून माझं स्पष्ट मत, कोणाला पटो न पटो, मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत खान्देशात सापासाठी सगळ्यात भारी उपकरण म्हणजे आपला पत्र्याचा कूलर. गवताच्या ताट्यावाला, मोठा, आवाज करणारा. कोरडी हवा ओल्या गवतातून ओढली की पाणी उडतं, उडताना हवेची उष्णता खेचून घेतं, त्यामुळे हवा गार होते आणि तिच्यात ओलावाही भरतो. आपल्याला दोन्ही हवंय. ४३ अंश आणि १५ टक्के असेल तर हिशोबानं ती हवा २२-२३ पर्यंत खाली येऊ शकते, घरगुती कूलर तेवढं कधीच करत नाही पण २७-२८ ची हवा तोंडातून येते, आणि खोलीत २९-३० वर ५० ते ६० टक्के बसतात. हे आकडे वाचा आणि वर बॉल पायथनचे आकडे परत बघा. जवळपास तेच आहेत ना. फुकटात बीळ तयार.

फक्त अटी आहेत. कूलर खिडकीत बाहेरून लावलेला पाहिजे, आणि समोरची दुसरी खिडकी किंवा दार चार बोटं उघडं पाहिजे. खोली पॅक करून कूलर लावणारे लोक मी इतके बघितलेत, मग तीच हवा गोल गोल फिरते, तासाभरात ८५ टक्के होतात, भिंती चिकट, आणि म्हणतात कूलर काम करत नाही. झोत सरळ पेटीवर नको, झोत भिंतीवर मारायचा आणि खोली गार होऊ द्यायची. कूलरच्या पाण्यात तो वासाचा लिक्विड टाकतात, मोगरा-खस वगैरे, तो टाकू नका. डासांची कॉइल आणि ते प्लगवालं लिक्विड त्या खोलीत अजिबात नको, कीटकनाशकंच आहेत ती. डास होऊ नयेत म्हणून टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, एवढं साधं आहे. आपल्या बोअरच्या पाण्यानं गवतावर पांढरे खडे धरतात ते तर सगळ्यांना माहितीच आहे, एक सीझन झाला की ताट्या बदलायच्या, खडे धरलेल्या गवतातून हवा जात नाही.

पेटी घरात कुठं ठेवता यावर पण बरंच अवलंबून असतं. वरचा मजला, डोक्यावर स्लॅब, तर रात्री दहा वाजता पण स्लॅब उष्णता सोडत असतो, हात लावून बघा. कपाटावर ठेवलेली पेटी आणि जमिनीलगत ठेवलेली पेटी यात मी टेम्परेचर गननं सहज तीन अंशांचा फरक बघितलाय. उन्हाळ्यात माझी पेटी खाली, फरशीवर दोन विटा टाकून त्यावर. पश्चिमेची भिंत टाळायची, ती संध्याकाळी तव्यावाणी होते. गावाकडे ज्यांचं अजून धाब्याचं घर शिल्लक आहे त्यांना निम्म्या गोष्टींची गरजच पडणार नाही, मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर, आत दुपारी झोप लागते अशी गार. पण धाब्याच्या घरात साप बाहेरून पण येतात, ते वेगळं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाजारात कुंभार बसतात, घागरी, माठ, लहान मडकी, सगळं. आमच्याकडे पितरांची घागर भरतात, त्यामुळे आई दरवर्षी जातेच, मी मागे लागून दोन लहान मडकी जास्तीची घेतो. बिनापॉलिशची, आतबाहेर कच्ची माती दिसते अशी, रंग दिलेली नको. एका मडक्याला बाजूनं भोक पाडायचं. मडकं रात्रभर पाण्यात भिजत टाकायचं म्हणजे कापताना तडकत नाही, मग पेन्सिलीनं गोल काढून त्यावर ग्राइंडरची टाइल कापायची चकती हलकी हलकी फिरवायची, पाणी सोडत सोडत, आणि कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायच्या. भोक सापाच्या जाडीच्या दीडपट, जास्त मोठं केलं तर त्याला ते घर वाटत नाही. आत ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, मुठीत पिळलं की पाणी न गळणारं. हे झालं त्याचं दमट घर. दुसरं मडकं अख्खं, पाण्यानं भरून तोंडाला जाळी बांधून गार टोकाला. ते पाझरतं, पाणी उडतं, मडक्याची भिंत हवेपेक्षा चार-पाच अंश गार राहते, आणि वांग्या दुपारभर त्याला वेटोळं घालून पडलेला असतो. हात लावून बघितलं तर पोटाकडचे खवले गार लागतात. आईनं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा म्हणाली घागर पूजायची असते आणि तू तिला साप गुंडाळतोस. मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे, त्याला पण उन्हाळा आहेच.

एक बारीक गोष्ट, मडकं काम करायला पेटीत थोडी हवा खेळती पाहिजे. सगळं बंद केलं की आतली हवा ओलाव्यानं भरते आणि पाणी उडणंच थांबतं, मग ना गारवा ना काही, नुसता कोंदटपणा. आणि फार उघडं ठेवलं, म्हणजे वर सगळी जाळीच, तर ओलावा टिकत नाही. परदेशी काचेच्या टाक्या तशाच येतात, वर पूर्ण जाळी. आपल्याकडे तिचा तीन चतुर्थांश भाग झाकायचा, अॅक्रिलिकच्या शीटनं नायतर फॉइलच्या टेपनं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला पश्चिमेच्या अंगानं शेवरी लावतात, हिरवी नेट बांधतात, कशासाठी? पाणी तर ड्रिपनं चालूच असतं, पण गरम वारा सरळ आत घुसला की पानं फाटतात आणि करपतात. पेटीचंही तेच गणित, आधी वारा अडवा, मग पाणी घाला. लोक उलटं करतात, दिवसातून दहा वेळा स्प्रे मारतात. स्प्रे मारला की मीटरवर ८० दिसतं, माणूस खूश, वीस मिनिटांत परत ३०. वरचा थर सारखा ओला, पोट सारखं ओल्यात, आणि खवल्यांना सड लागते, लालसर फोड येतात पोटावर. त्यापेक्षा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा, तीन-चार इंचाचा थर द्या आणि कोपऱ्यातून पाणी ओता, खाली जाईल असं. वरचा थर कोरडा, खालचा ओला, हळूहळू वाफ वर येत राहते. कोकोपीट नर्सरीत विटेच्या आकारात मिळतं, खत मिसळलेलं नको, आणि वापरायच्या आधी एकदा धुऊन पिळून घ्या. पाण्याचं भांडं मोठं, उथळ, पेटीच्या मधोमध. एवढ्यावर माझं भागतं.

मोजायचं कशानं? ते गोल काट्याचे मीटर, चिकटवायचे, दीड-दोनशे रुपयांचे, ते शोभेसाठी आहेत. डिजिटल घ्या, वायरवाला प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाला सेन्सर असलेला, आणि दोन घ्या, एक गरम टोकाला एक गार टोकाला, सापाच्या उंचीवर. भिंतीवर वर लावलेला मीटर वरची हवा मोजतो, आणि तुमचा साप जमिनीवर आहे. डिजिटल पण खोटं बोलतात म्हणून मिठाची टेस्ट करायची. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओल्या रेतीइतपत करा, वरून पाणी तरंगायला नको. ते झाकण आणि मीटर दोन्ही एका घट्ट बंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा, रात्रभर खोलीतच सोडा. आत हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मिठाचा तो गुणच आहे. मीटर ७० दाखवत असेल तर तो पाच कमी दाखवतो, झालं, मार्करनं मागे लिहून ठेवा. टेम्परेचर गन पृष्ठभाग मोजते, हवा मोजत नाही, आणि चकचकीत धातूवर मारली तर काहीही आकडा दाखवते, हे लक्षात ठेवून वापरली तर कामाची.

पण खरा मीटर म्हणजे कात. कात टाकायच्या आधी रंग मळकट होतो, पोट गुलाबी दिसायला लागतं, मग डोळ्यांवर दुधाळ निळसर पडदा येतो, तेव्हा त्याला धड दिसत नाही, उगाच हात घालायचा नाही. मग डोळे परत स्वच्छ होतात, नवीन माणसाला वाटतं झालं सगळं, पण कात त्यानंतर चार-सहा दिवसांनी निघते. ओलावा बरोबर असेल तर पूर्ण एका तुकड्यात, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, उलटा काढलेल्या मोज्यागत पेटीच्या कोपऱ्यात पडलेली. ती उजेडात धरायची आणि डोक्याचा भाग बघायचा, दोन्ही डोळ्यांच्या पारदर्शक टोप्या आहेत का, कारण सापाला पापणी नसते, डोळ्यावरचा तो गोल खवला पण कातेबरोबर निघायला पाहिजे. दोन छोट्या काचा दिसतात, नखाएवढ्याही नाहीत. एखादी नसेल तर ती डोळ्यावर राहिली. ती चिमट्यानं ओढायची नाही, सेलोटेप लावायचा नाही, कोणी काहीही सांगू दे. दमट घर द्या, पुढच्या कातेला निघते बहुतेक वेळा, नाही निघाली तर डॉक्टर. तुकड्या तुकड्यांत कात निघाली तर तुमचे मीटर काहीही सांगोत, पेटी कोरडी होती.

लाइट गेली तर काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो. उन्हाळ्यात वादळी पाऊस येतो, झाडं पडतात, लाइट जाते ती कधी येईल ते कोणी सांगत नाही. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर पण चालतो जर इन्व्हर्टर तेवढा असेल, एसी विसरा. माझ्या फ्रीजरमध्ये मार्चपासून अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या गोठवलेल्या असतात, जुन्या टॉवेलात गुंडाळून पेटीच्या वर, जाळीवर ठेवायच्या, आत नाही. गार हवा खाली उतरते. खोली ३५ च्या पुढे निघाली तरच, नायतर उगाच हात लावायचा नाही. आणि सापाला थंड पाण्याची आंघोळ घालायची नाही, एकदम झटका नको, कोमट पाणी सुद्धा अंग बुडेल एवढंच.

मग पाऊस येतो आणि सगळं नाटक एका दिवसात बदलतं. पहिला मोठा पाऊस पडला की हवा ८० टक्क्यांवर जाते आणि कूलर तिथल्या तिथं निरुपयोगी. ३१ अंश आणि ८० टक्क्यांची हवा ओल्या गवतातून ओढून तुम्ही तिला फारतर २८ वर आणाल, आणि ओलावा ९५ वर. तेव्हा कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा. मडकं बाहेर. जाळीवरची शीट काढायची. कोकोपीट अर्धं काढून कोरडं भरायचं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या कोकोपीटवर पांढरी बुरशी दोन दिवसांत धरते. मी मागच्या बाजूला कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा बसवलाय, बाहेर हवा फेकणारा, दिवसातून काही वेळ टायमरवर चालतो. गंमत म्हणजे पावसाळ्यात थोडी ऊब दिली की ओलावा आपोआप आटोक्यात येतो, तेच वरचं गणित, हवा तापली की टक्के उतरतात. दमट चालेल पण दमट आणि गार, दोन्ही एकत्र नको. तिथंच सापाला छातीचा संसर्ग होतो, श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो, तोंडाच्या कडेला बुडबुडे येतात, मान वर करून बसतो. असं दिसलं तर घरगुती उपाय शोधत बसू नका, सरळ डॉक्टर, आणि सापांवर उपचार करणारे डॉक्टर आपल्याकडे फार कमी, त्यामुळे नंबर आधीच शोधून ठेवा, साप आजारी पडल्यावर नाही.

हिवाळ्यात मात्र त्या व्हिडिओवाल्यांचं सगळं ऐकायचं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहावर येतो, धुळ्यात तर पाच-सहाच्या नोंदी होतात, आणि घरं बांधलीत उन्हाळ्यासाठी, सगळीकडे फरशी, ग्रॅनाइट, खिडक्यांच्या फटी. खोली १७-१८ वर जाते. पेटीखाली एक इंची थर्मोकोल, मागे आणि दोन्ही बाजूंनी पण थर्मोकोल, पुढची काच मोकळी. पेटी आता परत विटांवरून उचलून टेबलावर. हीटर म्हणून मी सिरॅमिकचा बल्ब वापरतो, उजेड न देणारा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, प्लॅस्टिकचा होल्डर त्या उष्णतेनं वितळतो. भोवती लोखंडी जाळीचा पिंजरा पाहिजेच, कारण साप त्या बल्बला वेटोळं घालून भाजून घेईल तरी सोडणार नाही, पोटाकडून भाजण्याची जाणीव त्याला नीट होत नाही. ते गरम होणारे नकली दगड मिळतात ते म्हणूनच घेऊ नका. थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावणं म्हणजे तर सरळ आग लावणं. महागडा नसेल परवडत तर कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनला जो कंट्रोलर लावतात तो मिळतो स्वस्तात, काहींना दोन बाजू असतात, एक हीटरची एक पंख्याची, तो तर दोन्ही ऋतूंत चालतो. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून. प्रोब टेपनं नाही, क्लिपनं बसवायचा. सापाच्या अंगाला टेप चिकटला तर खवले निघतात.

पेटी ज्या सुताराकडून बनवली तो माप घेताना विचारत होता, "हाई काय शे, टीव्हीनं शोकेस?" मी खरं सांगितलं तर त्यानं हातातला टेप खाली ठेवला, मग काम केलं पण सरकत्या काचेला कुलूप त्यानं स्वतःहून लावलं, माझ्याकडून जास्तीचे पैसे पण नाही घेतले. आतून पीयू, म्हणजे लाकडाला ओलावा लागू न देणारं पॉलिश, मारलंय दोन हात, वास पूर्ण जाईपर्यंत पेटी गच्चीवर उघडी ठेवली होती. प्लायला ओलावा लागला की ते फुगतं, म्हणून खालच्या सांध्यांना मत्स्यटाकीचं सिलिकॉन.

आणि अमळनेरची आत्या. तिला हा सगळा प्रकार अजून पटलेला नाही. हिवाळ्यात आली होती, रात्री सगळे गोधड्या घेऊन बसलेले, तिला पेटीत हीटर दिसला. म्हणाली, "आरे भाऊ, साप घरमा ठेवस का कोनी? आठे आमले थंडी वाजी ऱ्हायनी आनि तू सापले ऊब देस!" आता तिला काय सांगणार. भरीत-भाकरी वाढली आणि पेटीवर पडदा टाकला.

लग्नसराई आली की मात्र खरी पंचाईत होते, कारण लग्नं सगळी एप्रिल-मे मध्ये, म्हणजे नेमकं जेव्हा पेटीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं तेव्हाच घर रिकामं. खालच्या मजल्यावरचा मुलगा येतो, बारावीचा आहे, त्याला भीती वाटत नाही आणि त्याला मोबाइलवर रील बनवायला मिळतं. त्याला मी जास्त काही सांगत नाही. जायच्या आधीच्या आठवड्यात वांग्याला खायला देत नाही, पोट भरलेलं असताना गरमीनं त्रास झाला तर तो उलटून टाकतो, आणि मोठ्या सापाला दहा-बारा दिवस उपाशी राहणं काहीच नाही. कूलरच्या टाकीला नळ जोडून फ्लोट लावलाय, त्यामुळे पाणी संपत नाही. त्यानं फक्त सकाळी आणि दुपारी चार वाजता दोन मीटरचा फोटो पाठवायचा, पाण्याचं भांडं बघायचं, आणि गार टोकाचा आकडा ३३ च्या वर गेला तर फोन करायचा. काच उघडायची नाही. मागच्या वेळी तो म्हणाला दादा, साप दिसतच नाहीये, मडक्याच्या मागं आहे, फोटो कसा काढू. म्हटलं मडक्याचा काढ.